दार त्यांचं, रांग आपली

प्रश्न : सप्रेम नमस्कार, बाई. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघांनी परदेशाच्या व्हिसाचा अर्ज केला होता. (देशाचं नाव लिहीत नाही, मुलीला अजून तिथंच राहायचं आहे.) बँकेचं पासबुक, सातबारा, पेन्शनचा कागद, जावयाचं पत्र, सगळं जोडलं. महिन्याभराने पासपोर्ट परत आले, आत छापील कागद. मुदत संपल्यावर आम्ही मायदेशी परतू याची त्यांना खात्री वाटत नाही म्हणे! द्राक्षबाग आणि दोन म्हशी टाकून आम्ही तिकडे काय करणार होतो? फी गेली ती गेलीच. नंतर एका लेखात वाचलं, की कॅनडातले एक प्राध्यापक म्हणतात, सीमेचे नियम ज्या परक्यांवर चालतात, त्यांनाही ते ठरवताना लोकशाही हक्काने बोलता आलं पाहिजे. वाचून बरं वाटलं. पण आमचे बंधू म्हणाले, ‘आपल्या घरात कुणाला घ्यायचं ते शेजारी ठरवणार का?’ कुणाचं खरं मानायचं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी बंधूंचं पाहू, कारण हा मुद्दा सगळेच मांडतात. देश म्हणजे घर नव्हे. घरात चार माणसं असतात आणि ती एकमेकांना ओळखतात. तुलना करायचीच तर गृहनिर्माण सोसायटीशी करा. वार्षिक सभेत ठराव येतो, ‘अविवाहित मुलांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही.’ हात वर करतात ते सभासद. ज्या मुलांना जागा नाकारायची ती सभेत नसतात. आठ वर्षं भाडं भरून राहणारं कुटुंबही नसतं. आणि ज्या सभासदाला त्या मुलांना फ्लॅट द्यायचा होता, त्याचेही हात बहुमताने बांधले जातात. तुमची मुलगी तिथली नागरिक झाली असेल तर ती या सभासदाच्या जागी आहे.

अमेरिकेत असा एक वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिक असलेल्या बाईच्या परदेशी नवऱ्याला व्हिसा नाकारला होता. नवऱ्याला देशात आणणं हा तिचा मूलभूत हक्क नाही, असा निकाल जून २०२४ मध्ये लागला. वकिलातीतल्या अधिकाऱ्याने दिलेला नकार तिथली न्यायालयं सहसा तपासतच नाहीत. मत असलेल्या माणसाचीही दारापाशी ही गत आहे.

आता तुमचे प्राध्यापक. ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले अराश अबिझादेह असणार. त्यांचा निबंध २००८ सालचा. सरकार ज्याच्यावर बळजबरी करतं, त्याला त्या नियमाबद्दल बोलण्याचा वाटा हवा, नाहीतर ती लोकशाही कसली, असा त्यांचा सवाल आहे. कर, तुरुंग, हेल्मेटसक्ती, सगळीकडे आपण हेच धरून चालतो. सीमेवरचं कुंपण, बंदूकधारी पहारा, अटक आणि परत पाठवणी हीसुद्धा बळजबरीच, आणि ती सोसतात मुख्यतः बाहेरचे. मग त्यांना वगळून केलेल्या नियमाला लोकशाहीचा शिक्का कसा मारायचा? तासगावात मतपेटी ठेवा असं ते म्हणत नाहीत. दोन्ही बाजूंना बोलता येईल अशा संस्था देशांनी मिळून उभ्या कराव्यात, एवढं त्यांचं मागणं आहे.

ऑक्सफर्डच्या डेव्हिड मिलर यांनी त्यांना २०१० मध्ये उत्तर दिलं. माणसाला एका वाटेवर अडवणं निराळं आणि त्याला धरून एखाद्या वाटेने चालायला लावणं निराळं. बाकीच्या वाटा मोकळ्या असतील तर अडवण्याला बळजबरी म्हणता येत नाही. हे मला पर्यटकापुरतं पटतं. पॅरिस नाही जमलं तर माणूस उटीला जाऊन येतो. पण लेकीचं बाळंतपण उटीला नसतं. आणि गावावर बॉम्ब पडताहेत म्हणून जो रबरी होडीत बसला आहे, त्याला दुसरी कोणती वाट मोकळी आहे हे मिलरसाहेबांनी दाखवावं.

तरीही बाहेरच्याला मत द्यावं का? माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि तुमच्या फीचे पैसे बुडाले म्हणून ते बदलणार नाही. मत देणाऱ्याने त्या मताची फळं तिथे राहून भोगायची असतात. सात लाखांहून कमी वस्तीच्या लक्झेंबर्गमध्ये कुणी यावं हे भारत आणि चीनचे मतदार ठरवू लागले, तर ती लक्झेंबर्गची लोकशाही राहणार नाही. सीमेपलीकडच्या माणसाला चुकीच्या निर्णयाचा दंड बसत नाही. निर्णय फसला तर तो दुसऱ्या देशाच्या वकिलातीपुढे रांग लावेल.

मात्र ‘आमचे मतदार ठरवतील’ असं कुणी छाती पुढे काढून म्हणालं, की मी विचारते, मतदार कोण हे कुणी ठरवलं?

२०१६ साली मी इंग्लंडात स्विंडनला राहत होते. कनिष्ठ महाविद्यालयातली राज्यशास्त्राची नोकरी सोडून नवऱ्यामागे गेले होते, व्हिसा डिपेन्डन्टचा. स्थानिक कौन्सिलचा मतदारनोंदणीचा फॉर्म आला, त्यात राष्ट्रीयत्वापुढे ‘भारतीय’ लिहून पाठवून दिलं. काही महिन्यांनी पोलिंग कार्ड हजर! ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या कोणत्याही देशाच्या नागरिकाला तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत असतं. आपण ‘ब्रिटिश प्रजा’ होतो त्या दिवसांची ही शिल्लक. युरोपीय महासंघात राहायचं की बाहेर पडायचं या २३ जून २०१६ च्या सार्वमताला मूळ यादी संसदेच्या निवडणुकीचीच धरली होती. त्यामुळे भारतीय, पाकिस्तानी, नायजेरियन, आयरिश सगळे यादीत आले. महासंघातले म्हणाल तर माल्टा आणि सायप्रसवालेसुद्धा आले, कारण ते देश राष्ट्रकुलात आहेत. पोलंड, जर्मनी, पोर्तुगालची माणसं मात्र यादीबाहेर, मग दहा वर्षं तिथे कर का भरलेला असेना.

आमच्या रस्त्यावर गोव्यातल्या सासष्टीचं एक कुटुंब होतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. तो पासपोर्ट घेऊन पुष्कळ गोवेकर स्विंडनला आले आहेत. या घरातले नवराबायको गोदामात पाळ्या करायचे. मुलं तिथल्या शाळेत शिकून इंग्रजांसारखी बोलू लागली होती. त्यांना मत नाही, आणि कालपरवा आलेल्या मला आहे! बरं, प्रचार कशावर चालला होता? निम्माअधिक तर युरोपातून येणाऱ्यांना आवरायचं कसं यावरच. ज्यांच्याविषयी बोलणं चाललं होतं ती माणसं रात्रपाळी करून घरी झोपली होती आणि मी मतदान केंद्रात दोरीला बांधलेल्या शिसपेन्सिलीने फुली मारत होते. (बोटाला शाई नाही. ओळखपत्रही तेव्हा कुणी मागत नसे. फुली कुठे मारली ते सांगणार नाही.) संध्याकाळी ती वहिनी हसत म्हणाली, ‘तुमकां इंडियन म्हूण वोट, आमकां युरोपियन म्हूण ना!’

निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के लागला. स्विंडननेही बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. यादी वेगळी असती तर निकाल वेगळा लागला असता की नाही, यावर वाद घालता येईल. ती यादी जुन्या साम्राज्याच्या आठवणीवर बेतलेली होती, यावर वाद नाही.

लक्झेंबर्गचीच गोष्ट घ्या. तिथे जवळजवळ निम्मी वस्ती परदेशी नागरिकांची. दहा वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला संसदेच्या निवडणुकीत मत द्यावं का, असं ७ जून २०१५ ला सार्वमतात विचारलं. कुणाला विचारलं? फक्त नागरिकांना. ७८ टक्के म्हणाले, नको. सोसायटीची सभा ती हीच. उलट न्यूझीलंडने १९७५ पासून कायमच्या रहिवाशांना संसदेसाठी मत दिलेलं आहे. वर्षभर तिथे राहिलेलं असलं की नागरिकत्व नसलं तरी चालतं. त्याने तो देश बुडालेला नाही. जो आत राहतो, कर भरतो, ज्याची पोरं तिथल्या शाळेत जातात, त्याला मत द्यावं या बाजूची मी पक्की आहे. स्विंडनच्या त्या वहिनीला मत नव्हतं हे मला अजूनही खुपतं.

राहिले दाराबाहेरचे, म्हणजे तुम्ही. तुमच्यासाठी एक स्विस गोष्ट सांगते. ९ फेब्रुवारी २०१४ ला स्वित्झर्लंडने सार्वमत घेऊन ५०.३ टक्क्यांनी ठरवलं, की बाहेरून येणाऱ्यांना वार्षिक कोटा लावायचा. पण युरोपीय महासंघाशी त्यांचा माणसांच्या मोकळ्या येण्याजाण्याचा करार होता. महासंघाने डोळे वटारले आणि संशोधनाच्या निधीत नि विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत स्विस विद्यापीठांची अडवणूक केली. डिसेंबर २०१६ मध्ये स्विस संसदेने अखेर जो कायदा केला, त्यात महासंघातल्या लोकांसाठी कोटा नव्हताच. नोकरीच्या जागा आधी स्थानिक बेरोजगारांना कळवायच्या, एवढ्यावर भागवलं. म्हणजे जर्मन आणि फ्रेंच माणसाने एकही मत न देता स्विस सीमेचा नियम वाकवला.

म्हणून मला तो प्राध्यापकांचा वाद थोडा पुस्तकी वाटतो. परक्याने बोलावं की नाही हे विचारायची सोय राहिलेलीच नाही, तो बोलतोच. त्याच्या सरकारच्या तोंडून बोलतो, आणि त्या सरकारचं जेवढं वजन तेवढंच त्याचं ऐकलं जातं. बलवान देशाच्या माणसाला विमानतळावर शिक्का मारून सोडतात आणि आपण सातबाऱ्याच्या भाषांतरावर नोटरीची सही घेत फिरतो.

आणि ज्याच्या बाजूने बोलणारं सरकारच नसतं त्याचं काय होतं, ते १९१४ साली व्हँकुव्हरच्या बंदरात दिसलं. ‘कोमागाता मारू’ बोटीवर ३७६ प्रवासी होते, बहुतेक पंजाबातले शीख. कागदोपत्री कॅनडा आणि पंजाब एकाच राजाचे. पण कॅनडाने १९०८ मध्येच नियम करून ठेवला होता, की मायदेशातून थेट, कुठेही न थांबता आलेल्यालाच उतरू द्यायचं. असा प्रवास हिंदुस्थानातून करताच येत नव्हता, नियमाची खोच तीच. त्यात ‘हिंदुस्थानी’ हा शब्दसुद्धा नाही! दोन महिने बोट बंदरात अडकली. आधी राहून गेलेल्या मोजक्या लोकांना उतरू दिलं, बाकीच्यांना २३ जुलैला परत लावलं. कोलकात्याजवळ बजबज इथे बोट लागली, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले अनेक जण मेले. कॅनडाच्या संसदेत पंतप्रधानांनी माफी मागितली ती मे २०१६ मध्ये.

यातला कमी सांगितला जाणारा भाग असा. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तिथे आधीपासून स्थायिक असलेल्या हिंदुस्थानींचा मताधिकार १९०७ मध्ये काढून घेतला होता. थेट प्रवासाचा नियम आला त्याच्या पुढच्या वर्षी. आधी आतल्यांचं तोंड बंद केलं, मग बाहेरच्यांना दार. आतल्यांना मत परत मिळालं १९४७ मध्ये. बाहेरच्यांची काळजी वाटत असेल तर आत राहणाऱ्यांच्या मतासाठी भांडा, असं मी म्हणते ते यासाठी.

तुमच्यासाठी मात्र मला मतापेक्षा साधी गोष्ट हवी आहे. नकाराचं कारण लेखी मिळावं आणि ते तिसऱ्या माणसापुढे तपासून घेता यावं. हे अशक्य नाही. शेंगेन देशांच्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या) २००९ च्या व्हिसा नियमावलीत नकाराचं कारण सांगणं आणि अपील देणं दोन्ही बंधनकारक आहे. ते अपील कुठल्यातरी टप्प्यावर न्यायालयापुढे गेलंच पाहिजे, असं युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये बजावलं. ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना असं पूर्ण अपील पूर्वी होतं, ते २५ जून २०१३ पासून काढून घेतलं. ते काढणाऱ्या संसदेला तासगावच्या आजीची काय पडलेली? तिचं मत नाही. पण तिच्या नातवाच्या आईचं असू शकतं, आणि तिच्यामार्फत संसदेला हलवता येतं.

तेव्हा तो छापील कागद टाकून देऊ नका. खाली बारीक अक्षरात अपिलाची मुदत दिली आहे का बघा. असेल तर त्यांच्या एकेका कारणाला एकेक कागद लावून उत्तर द्या. बागेच्या छाटणीच्या तारखा, खरेदीदाराशी झालेला व्यवहार, घरी कोण सांभाळणार आणि तुम्हाला केव्हापर्यंत परतायचं आहे, हे लिहा. ‘आम्ही प्रतिष्ठित कुटुंबातले आहोत’ असलं काही लिहू नका. मुलीला तिच्या भागातल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहू दे. आणि ‘ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

प्रश्न : जनमत कौलाच्या वेळी माझे वडील मुंबईत धोबीतलावच्या कूडमध्ये (गोव्यातल्या गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात) राहून नोकरी करत होते. घर गोव्यात, बायकामुलं गोव्यात, दर मे महिन्यात येणं, निवृत्तीनंतर परत येणार हेही ठरलेलं. तरी गोव्याचं काय करायचं हे ठरवताना त्यांना मत नव्हतं. ते शेवटपर्यंत याबद्दल चिडून असत. तुम्ही काय म्हणाल?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : वडिलांचा राग खरा होता आणि तरीही नियम बरोबर होता, असं म्हणेन. १६ जानेवारी १९६७ ला ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि ‘दोन पानं’ म्हणजे केंद्रशासित राहणं, या दोन चिन्हांवर मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं. बाहेरच्या गोवेकरांना मत द्या अशी मागणी झाली होती, ती नाकारली गेली. त्यांना दिलं असतं तर यादी कुठे थांबवायची? मुंबईचे, पुण्याचे, कराचीचे, पूर्व आफ्रिकेतले? आजा गोव्याचा पण स्वतः कधी पाऊल न टाकलेले?

आणखी एक गंमत बघा. विलीनीकरण झालं असतं तर महाराष्ट्राचा नकाशा बदलला असता, विधानसभेत नवे आमदार आले असते, खर्चाचा वाटा पडला असता. पण कोल्हापूर-रत्नागिरीच्या मतदाराला कुणी विचारलं नाही, आणि इतक्या तावातावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी तशी मागणीही लावून धरली नाही. ‘ज्याला झळ लागते त्या प्रत्येकाला मत’ हे तत्त्व ऐकायला गोड असतं, पण ते शेवटपर्यंत न्यायला कुणी तयार नसतं. वडिलांच्या बाजूने एवढंच म्हणेन, की कुटुंब आणि घर गोव्यात ठेवून पोटासाठी बाहेर राहणारा माणूस आणि कायमचा गेलेला माणूस यांत फरक करता आला असता. तो केला नाही.

प्रश्न : मी राज्यसेवेचा अभ्यास करते. भारत आपल्या सीमेबाबत परक्यांना काही विचारतो का, असा प्रश्न आला तर काय लिहू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुद्देसूद लिहायचं तर आधी मताधिकार. कलम ३२६, मत फक्त नागरिकाला. ओसीआय कार्ड असलेल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, नाही. नेपाळी माणूस व्हिसाशिवाय येतो, राहतो, नोकरी करतो, पण मत नाही. उलट, दुसरं नागरिकत्व न घेतलेला भारतीय नागरिक परदेशात राहत असला तरी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीमुळे त्याचं नाव यादीत राहू शकतं. मत द्यायला मात्र त्याला आपल्या केंद्रावर यावं लागतं.

मग हक्क. कलम १९ नागरिकांसाठी, पण १४ आणि २१ कोणत्याही व्यक्तीसाठी. परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार जवळजवळ अमर्याद आहे, हे हान्स म्युलर खटल्यात १९५५ सालीच ठरलं. ज्या १९४६ च्या कायद्यावर तो निकाल होता, त्याच्या जागी आता २०२५ चा कायदा आला आहे, ते लिहायला विसरू नकोस. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा निर्वासितांच्या १९९६ च्या निकालात न्यायालयाने अरुणाचल सरकारला सुनावलं, की नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचं रक्षण करावंच लागेल. म्हणजे घालवता येतं, जमावाच्या हवाली करता येत नाही.

आणि प्रत्यक्ष विचारल्याचं उदाहरण हवं असेल तर एक भक्कम आहे. कूचबिहारच्या आसपास भारताच्या १११ वसाहती बांगलादेशात आणि बांगलादेशाच्या ५१ वसाहती भारतात अडकलेल्या होत्या. तिथल्या माणसाला बाजाराला जायचं तरी परदेशाची हद्द ओलांडावी लागे, आणि हातात कोणत्याच देशाचा कागद नसे. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. त्याआधी दोन्ही देशांच्या पथकांनी मिळून लोकांना विचारलं, तुम्हाला कोणतं नागरिकत्व हवं? भारतातल्या बांगलादेशी वसाहतींनी भारत निवडला. बांगलादेशातल्या भारतीय वसाहतींत सदतीस हजारांवर माणसं होती, त्यांतली हजाराच्या आतच भारतात यायला निघाली. बाकीची आपापल्या शेतातच राहिली. अदलाबदल करायची की नाही, हे मात्र त्यांना विचारलं नव्हतं. ते दिल्ली आणि ढाक्याने १९७४ च्या करारातच ठरवून ठेवलं होतं. उत्तरात हा फरक लिहिलास तर गुण मिळतील. घटनादुरुस्तीचा क्रमांक १००, वर्ष २०१५. परीक्षेत तोही विचारतात.